आगाशीचा मुनिसुव्रत आणि अर्नाळ्याचा दर्या

विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आगाशी लागते. सुट्टीच्या दिवशी या एकाच रस्त्याने दोन वेगळ्या गर्दी जातात. एक अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, रिसॉर्टांच्या तरणतलावांकडे. दुसरी आगाशीच्या देरासरात, म्हणजे मुनिसुव्रत स्वामी या तीर्थंकरांच्या जैन मंदिरात. होडीने पलीकडच्या बेटावर जाऊन किल्ला पाहणारे तिसरे, पण ते मूठभरच. देरासरात आलेला माणूस पूजा आणि भोजनशाळा आटोपून परत फिरतो, समुद्राकडे वळत नाही. आणि समुद्रावर आलेल्याला वाटेत एक जुने तीर्थ लागले याची खबरही नसते. जैन मंदिरांच्या वारसा पर्यटनाचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेले उपाय पुढे येतात: रस्त्यावर कमान, मोठा वाहनतळ, रोषणाई, आणि सरकारी पुस्तिकेत आणखी एका देवळाचे नाव. आगाशी-अर्नाळ्याच्या बाबतीत हा मार्ग चुकीचा आहे, असे मला वाटते. इथला जैन वारसा मुळात बंदराचा वारसा आहे. जहाज, जकात, धान्य, लाकूड आणि दूरदेशीचा व्यापार वगळून हे देऊळ दाखवले, तर पाहणाऱ्याला एक स्वच्छ संगमरवरी वास्तू दिसेल, आणि तशा वास्तू मुंबईत प्रत्येक उपनगरात आहेत.

या टापूची कथा सोपाऱ्यापासून सुरू होते. आजचे नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, या बंदराचे नाव आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटाचा ढिगारा उकरला तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडा होता आणि त्यात बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ मध्ये भुईगावजवळ मिळाला. बौद्धांच्या वाट्याला असा दगडी पुरावा आला. जैनांच्या वाट्याला आले ते ग्रंथ, आणि त्यांत सोपारा ठळकपणे आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ रचला, तेव्हा जैनांच्या चौऱ्याऐंशी तीर्थांत त्यांनी सोपाऱ्याची गणना केली आणि तिथल्या ऋषभदेवाच्या प्रतिमेचा उल्लेख केला. श्रीपाल राजाच्या कथेत सोपाऱ्याची राजकन्या तिलकसुंदरी येते. या सर्वांहून मोलाची आहे ती वज्रसेनसूरींची कथा.

बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. सोपाऱ्यात जिनदत्त नावाचा श्रावक आणि त्याची बायको ईश्वरी. घरात पैसा आहे, पण बाजारात धान्य नाही. शेवटी एक लाख मोजून त्यांनी एकदा शिजवण्यापुरते तांदूळ मिळवले. ते शिजवायचे, त्यात विष कालवायचे आणि सगळ्या कुटुंबाने एकत्र मरायचे, असे ठरले. भात चुलीवर असताना आर्य वज्रसेन भिक्षेला दाराशी आले. लाखाचा भात ज्या दिवशी भिक्षेत मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे त्यांच्या गुरूंनी, आर्य वज्रांनी, सांगून ठेवले होते. त्यांनी ईश्वरीला थांबवले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. जिनदत्ताच्या चार मुलांनी दीक्षा घेतली: नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर. त्यांच्या नावांनी श्वेतांबर साधूंची चार कुळे चालली, आणि आजचा सर्वांत मोठा श्वेतांबर गच्छ, तपागच्छ, आपली परंपरा यांतल्या चंद्रकुळाशी जोडतो. म्हणजे अहमदाबादेत, पालीताण्यात किंवा अँटवर्पच्या हिरेबाजारात बसलेला तपागच्छीय कुटुंबप्रमुख आपल्या गुरुपरंपरेचा धागा मागे नेत गेला, तर तो येऊन पोहोचतो वसई तालुक्यातल्या एका स्वयंपाकघरात. नालासोपारा स्टेशनावर रोज लोंबकळत उतरणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. मान्य. जिनदत्ताचे घर कुठे होते ते कोणी खणून काढलेले नाही आणि काढता येणारही नाही. पण दंतकथेचा पुरावा म्हणून उपयोग करताना प्रश्न बदलावा लागतो. ‘हे घडले का?’ असे न विचारता ‘सांगणाऱ्याने काय गृहीत धरले?’ असे विचारावे. या कथेत पाऊस पडून दुष्काळ संपत नाही, राजा कोठार उघडत नाही, देवही धावून येत नाही. दुष्काळ संपतो तो जहाजे आल्यामुळे. तांदळाला लाखाचा भाव आहे, आणि तो भाव दुसऱ्या दिवशी कोसळणार आहे, कारण माल समुद्रावर आहे. हे गणित व्यापाऱ्यालाच सुचेल. एखाद्या संप्रदायाने आपल्या कुळांची जन्मकथा अशा बंदरी हिशेबात गुंफावी, याचा अर्थ त्या संप्रदायाच्या स्मृतीत सोपारा हे तीर्थ होण्याआधी बाजार होता.

कथेच्या बाहेर, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला पुरावाही याच दिशेने जातो. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे इ.स. १०९४ चा आहे. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांना ठाणे, नागपूर, शूर्पारक आणि चेऊल या बंदरांतली जकात माफ केली आहे. यातले नागपूर कोकणातले, विदर्भातले नव्हे. हे दोघे जैन होते असे ताम्रपट म्हणत नाही, आणि नाव ‘श्रेष्ठी’ दिसले की जैन शिक्का मारायची घाई करू नये. महत्त्वाचे ते हे की अकराव्या शतकात सोपाऱ्याची जकात माफ होणे ही राजाने ताम्रपटावर कोरून द्यावी इतकी किमती गोष्ट होती.

पुढच्या शतकातला प्रसंग तर थेट युद्धाचा आहे. गुजरातचा चालुक्य राजा कुमारपाल हा जैन आचार्य हेमचंद्रांच्या प्रभावाखाली आलेला. कोकणात त्याच्यासमोर शिलाहार मल्लिकार्जुन, ज्याचा एक लेख वसईला मिळाला. मेरुतुंगाने १३०५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘प्रबंधचिंतामणी’त ही लढाई रंगवून सांगितली आहे. भाटाने मल्लिकार्जुनाला ‘राजपितामह’ म्हटले म्हणून कुमारपाल चिडला. त्याने आंबड नावाच्या जैन मंत्रिपुत्राला सैन्य देऊन धाडले. आंबड एकदा हरला, दुसऱ्यांदा जिंकला आणि तीच पदवी राजाने त्याला बहाल केली. अहिंसेचा धर्म पाळणाऱ्या घरातला सेनापती कोकणच्या राजाला मारतो, हे पर्यटनाच्या पुस्तिकेत बसत नाही. पण इतिहासात बसते, आणि म्हणूनच ते सांगायला हवे.

आंबडाचे पुढचे काम आपल्या विषयाशी आणखी जवळचे आहे. त्याचा बाप उदयन एकदा पालीताण्याच्या शत्रुंजय डोंगरावरच्या लाकडी देवळात बसला असताना एक उंदीर जळती वात तोंडात धरून पळाला. देऊळ जळेल या धास्तीने उदयनाने ते दगडाचे करण्याचा संकल्प केला, पण तो लढाईत गेला. मुलांनी बापाचा शब्द पाळला: बाहडाने शत्रुंजयाचे देऊळ नव्याने बांधले, आणि आंबडाने भडोचचा शकुनिकाविहार. हा विहार कोणाचा? मुनिसुव्रत स्वामींचा. या उंदराच्या गोष्टीतून दोन सूत्रे हाती लागतात. बाराव्या शतकापर्यंत काही मोठी जैन देवळेसुद्धा लाकडाची असत, हे पहिले. सोपारा-आगाशीच्या पट्ट्यात जुन्या जैन वास्तूचे अवशेष जवळजवळ नाहीत, याचे एक कारण इथे असू शकते. हा पट्टा लाकडाचाच. वैतरणेच्या वरच्या जंगलांतले सागवान याच खाड्यांतून उतरे, आणि सोळाव्या शतकात आगाशी लाकडाच्या आणि जहाजबांधणीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होती. खाऱ्या हवेत आणि वाळवीत लाकडी देऊळ किती टिकणार? हा माझा तर्क आहे, पण ‘काही शिल्लक नाही म्हणजे काही नव्हते’ या तर्कापेक्षा तो बरा.

दुसरे सूत्र मुनिसुव्रतांचे. विसावे तीर्थंकर, श्यामवर्णी, लांछन (म्हणजे ओळखचिन्ह) कासव. त्यांची पश्चिम किनाऱ्यावरची प्रसिद्ध स्थाने पाहावीत. भडोच हे बंदर. तिथल्या कथेत व्याधाच्या बाणाने मेलेली घार सिंहलद्वीपाच्या राजकन्येचा जन्म घेते आणि पूर्वजन्म आठवून समुद्रमार्गे भडोचला येते. आबूच्या लूणवसही या जैन मंदिरात या कथेचा शिल्पपट आहे आणि त्यात जहाज कोरलेले आहे. ठाणे हेही बंदर. तिथे टेंभीनाक्याजवळ मुनिसुव्रतांचे ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाणारे मंदिर आहे आणि त्याच्याशी जोडली गेली आहे जहाजावरून समुद्रात ढकलल्या गेलेल्या श्रीपालाची कथा. आणि आगाशी, तेही बंदरच. तिन्ही ठिकाणी तोच तीर्थंकर आणि तिन्ही कथांत समुद्र. याला नियम म्हणता येणार नाही. इतर बंदरांत पार्श्वनाथ आहेत, आदिनाथ आहेत. तरीही भडोच-ठाणे-आगाशी ही ओळ नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आगाशीच्या मूर्तीच्या आसनावरचे कासव पाहताना या ओळीची आठवण करून देणारा एखादा फलक तिथे असायला काय हरकत आहे?

आगाशीचे आजचे तीर्थ ज्या माणसामुळे उभे राहिले, तोही जहाजवालाच. शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, जन्म १७८२, मृत्यू १८३६. परंपरा अशी की त्याचे जहाज समुद्रात संकटात सापडले, तेव्हा ते जिथे सुखरूप लागेल तिथे देऊळ बांधीन असा त्याने नवस केला. जहाज आगाशीला लागले. मूर्ती मात्र सोपाऱ्याच्या तळ्यातून आली, असे सांगतात. या एका तपशिलाकडे नीट पाहावे: नव्या बंदराला देव लागला तो जुन्या बंदराच्या पाण्यातून काढला गेला. सोपारा गाळाने भरून गेल्यावर व्यापार ठाणे, वसई, आगाशी असा सरकत गेला आणि शेवटी मुंबईत जाऊन बसला, त्याचीच ही धर्माच्या भाषेतली नोंद आहे. मोतीशाची पत मोठी होती. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर त्याचे, शत्रुंजयावरची मोतीशा टूंक (देवळांचा समूह) त्याची, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर मुंबईत पांजरापोळ स्थापण्यातही तो पुढे होता. हे सगळे देणगीदारांच्या पाट्यांवर असते. पाट्यांवर नसते ते असे की मोतीशा आणि जमशेटजी हे माळव्याच्या अफूच्या चीन-व्यापारातले भागीदार होते. मुंबईतली कितीतरी धर्मादाय कामे त्या काळी याच पैशावर उभी राहिली. पारशी, जैन, मुसलमान, इंग्रज सगळेच त्यात होते. ते लपवण्यात पाप आहे असे नाही, पण ते वगळून सांगितलेली मोतीशाची गोष्ट अर्धीच राहते. मुंग्या-पाखरांसाठी जीव तुटणारा माणूस कँटनला अफू पाठवत होता, ही विसंगती प्रेक्षकाला पेलते. त्याला बाळबोध समजायचे कारण नाही.

आता अर्नाळ्याचा किल्ला. त्याचा जैनांशी थेट संबंध नाही आणि ओढूनताणून लावायची गरजही नाही. तरी तो या कथेतून वगळता येत नाही, कारण जहाज आत येणार ते वैतरणेच्या मुखातून, आणि ते मुख राखणारा पहारेकरी म्हणजे हे बेट. गुजरातच्या सुलतानाने १५१६ मध्ये इथे पहिली गढी बांधली. पोर्तुगिजांनी १५३० आणि १५३१ मध्ये आगाशी दोनदा लुटली आणि १५३४ च्या तहाने वसई घेतली. १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट जिंकून आजचा किल्ला उभारला. उत्तर दरवाजावर बाजीराव पेशव्यांचे नाव सांगणारा लेख आजही वाचता येतो. दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली. १७८१ मध्ये इंग्रज आले, सालबाईच्या तहाने परत गेले, आणि १८१७ मध्ये कायमचे आले. प्रत्येक मालकाला हे बेट हवे होते, कारण खाडीत शिरणाऱ्या मालावर ज्याची नजर, त्याची जकात. किल्ल्यात त्र्यंबकेश्वर आणि भवानीची देवळे आहेत, शाहअली आणि हाजीअलींची थडगी आहेत, किल्ल्याबाहेर कालिकामाता आहे. आगाशीचे देरासर पाहून आलेल्या माणसाला इथल्या बुरुजावर उभे केले, की नवस बोलणाऱ्या व्यापाऱ्याला कशाची भीती वाटत होती ते त्याला वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप खुद्द जैन समाजातून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. मंदिर हे साधनेचे ठिकाण, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. झारखंडमधल्या सम्मेदशिखराचे ताजे उदाहरण आहे. २०१९ च्या अधिसूचनेने पारसनाथ डोंगराला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवले आणि त्यात पर्यटनाचीही तरतूद आली. २०२२ च्या अखेरीस देशभर जैन रस्त्यावर उतरले, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. धडा घ्यायचा तो एवढाच की विश्वस्तांना आणि भाविकांना न विचारता ‘पर्यटनस्थळ’ हा शिक्का मारला तर तो उलटतो. पण सम्मेदशिखराचा आणखी एक भाग बातम्यांत मागे पडला: तोच डोंगर संथाळांचा मरांग बुरू आहे आणि तेही आपल्या हक्कासाठी उभे राहिले. तीर्थाला शेजारी असतात. आगाशीच्या तीर्थाला जो शेजारी आहे तो मासळीवर जगतो.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील सुकत असतात. कोळी आणि मांगेला समाजाचे ते पोट आहे. २०१५ मध्ये जैनांच्या पर्युषणकाळात मीरा-भाईंदर आणि मुंबईत मांसविक्रीबंदीचे आदेश निघाले तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते या भागाला आठवते. त्यामुळे ‘जैन परिक्रमा’ म्हटले की अर्नाळ्यातल्या कोळणीच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा: आता आमची वलांडी हलवायला सांगणार का? हा प्रश्न अवास्तव नाही. बंदराचा इतिहास मध्यभागी ठेवण्याचे एक मोठे कारण हेच आहे. नुसत्या मंदिराभोवती आखलेली योजना आपल्याभोवती शुद्धतेचे कुंपण मागते. बंदराभोवती आखलेल्या योजनेत खलाशी हा मुख्य पात्रांपैकी एक असतो. जिनदत्ताचे धान्य ज्यांनी वल्ही मारून आणले ते कोण होते, हे कथा सांगत नाही. जैन श्रावक मात्र ते नसणार. वाणी, नाखवा, सुतार आणि खारवी एकमेकांच्या ताटात न डोकावता एकाच धक्क्यावर शतकानुशतके नांदले. ती समज आजही पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप हलक्या आवाजात घेतला जातो: हा गुजराती लोकांचा वारसा, मराठी माणसाला त्याचे काय? याला उत्तर कोल्हापूर-सांगलीकडे आहे, जिथे लाखो जैनांची मातृभाषा मराठी आहे. आणि उत्तर इथल्या मातीतही आहे. सोपाऱ्याची जकात माफ करणारा राजा कोकणचा, तिथे व्यापार करणारे कुठकुठले, तिथे शिलालेख कोरणारा मगधाचा. बंदरावर एका भाषेचा ताबा कधीच नव्हता.

मग करायचे काय? फार खर्चाचे नाही. एका दिवसाचा मार्ग: सकाळी सोपाऱ्याचा स्तूप आणि चक्रेश्वर तळ्याकाठची शिल्पे, दुपारी आगाशीचे देरासर, ओहोटी-भरतीचे वेळापत्रक पाहून अर्नाळ्याचा किल्ला. गाडी चालवायला बाहेरची कंपनी नको. होडी अर्नाळ्याचीच, माहिती सांगणारी पोरे विरार-वसईच्या महाविद्यालयांतली, आणि त्यांना शिकवायला इतिहासाचे प्राध्यापक. देरासरात कपडे, वेळ आणि छायाचित्रांचे नियम विश्वस्त ठरवतील तसे. पर्यटनाच्या नावाखाली जुना भाग पाडून नवे संगमरवर चढवू नये, एवढी विनंती विश्वस्तांना जरूर करावी; जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे मानतात हे खरे, पण जुन्या खांबाचे छायाचित्र आणि मोजमाप नोंदवून ठेवल्याने ते कमी होत नाही. आणि रिसॉर्टांच्या गर्दीला यातले काही रुचेल का, हा प्रश्न उरतोच. सगळ्यांना रुचणार नाही. शंभरातल्या पाचांना रुचले तरी किल्ल्याच्या होडीवाल्याला आठवड्यात दोन फेऱ्या जास्त मिळतील.

या कामाची सुरुवात सोपाऱ्यातून व्हावी. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मुंबईच्या संग्रहालयात आहेत, स्तूपातला करंडा एशियाटिक सोसायटीकडे आहे, आणि जिनदत्ताच्या घराची गोष्ट ग्रंथांत आहे. मूळ वस्तू तिथेच राहू द्याव्यात. त्यांच्या चांगल्या प्रतिकृती आणि त्या चार दीक्षितांची नावे असलेला एक मराठी-गुजराती फलक नालासोपाऱ्यात उभा करणे महापालिका, पुरातत्त्व खाते आणि आगाशीचे विश्वस्त यांना एकत्र बसून सहज जमेल. त्यांनी एकदा एकत्र बसावे.